साताऱ्याची इंग्रजी पहिली ते पालीचा कोश : बाबासाहेबांच्या भाषांची गोष्ट

पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे कोरेगाव सोडते, मग रहिमतपूर, मग तारगाव आणि मग मसूर. आम्हा रहिमतपूरकरांना ही स्टेशने पाठ असतात. पण 1901 साली याच रुळांवरून साताऱ्याची चार मुले मसूरला गेली होती, हे आमच्या तालुक्यातल्या किती जणांना माहीत असेल? त्यांतला एक मुलगा दहा वर्षांचा होता. सोबत थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, काठाची धोतरे. सुट्टीत वडिलांकडे निघालेली ही मुले होती. वडील रामजी सुभेदार त्या वेळी खटाव तालुक्यातील गोरेगावला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते आणि त्यावर ते कॅशियर होते.

पुढचा प्रसंग आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाने वाचलेला किंवा ऐकलेला आहे. मसूरला कुणी न्यायला आले नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, कारण कपड्यांवरून आणि बोलण्यावरून त्याला ही ब्राह्मणाची मुले वाटली. जात कळताच तो बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचे तर मुसलमान आहोत असे सांगा, असा त्याने सल्ला दिला.

या प्रसंगातील एका तपशिलावर मी नेहमी थांबते. दहा वर्षांचा भिवा टोलनाक्यावरच्या माणसाशी उर्दूत बोलला. पलटणीच्या वातावरणात वाढल्यामुळे त्याला उर्दू चांगली येत होती. आपण खरेच मुसलमान आहोत अशी त्या माणसाची खात्री पटावी, म्हणून त्याने ती वापरली. युक्ती चालली नाही, पाणी मिळाले नाही, आणि मुले सोबतचे जेवण तसेच ठेवून उपाशी झोपली.

एका रात्रीत तीन भाषांचा हिशेब झाला. मराठी इतकी स्वच्छ होती की ऐकणाऱ्याला जात ओळखता आली नाही, तरी जात विचारली गेलीच. उर्दू पांघरून पाहिली, ती पुरी पडली नाही. आणि तिसरी भाषा इंग्रजी. ती तेव्हा साताऱ्याच्या शाळेत नुकती सुरू झाली होती. पस्तीसेक वर्षांनी हाच प्रसंग बाबासाहेबांनी लिहिला तो या तिसऱ्या भाषेत, कारण अस्पृश्यता म्हणजे नेमके काय हे त्यांना परदेशी माणसाला समजावून सांगायचे होते.

हे सगळे आठवण्याचे कारण आमचा अभ्यासवर्ग. विहारात आठवड्यातून दोनदा आम्ही कॉलेजची मुले-मुली जमवतो. रहिमतपूरची असतात, आसपासच्या खेड्यांतलीही येतात. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली एक मुलगी बी.एस्सी.ला गेली आणि पहिल्या सहामाहीत दोन विषयांत नापास झाली. विषय कळत नव्हता असे नाही. पेशीची आकृती ती न बघता काढायची. पण प्रश्न इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत, प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षाही इंग्रजीत. ती घरी बसण्याच्या विचारात होती. वर्गात यावरून वाद पेटला. एकाचे म्हणणे पडले की बाबासाहेब इंग्रजी शिकले म्हणून बाबासाहेब झाले, तेव्हा तक्रार करू नका, शिका. दुसरी म्हणाली की सगळ्यांना कुठे बाबासाहेब व्हायचे आहे, आम्हाला फक्त बी.एस्सी. व्हायचे आहे.

दोघांचेही म्हणणे मला खोडता आले नाही. म्हणून मी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा काढले आणि या वेळी ते फक्त भाषेच्या अंगाने वाचले.

14 एप्रिल 1891 ला महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ब्रिटिश सैन्यात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, त्यामुळे या घरात अक्षर आधीच पोचले होते. रामजी कबीरपंथी. संध्याकाळी घरात भजन, दोहे, अभंग आणि पोथीवाचन चाले. म्हणजे बाबासाहेबांच्या मराठीचा पाया शाळेने घातलेला नाही, तो घराने घातला. गावच्या शाळेची दारे बंद असताना हे भांडवल त्यांच्याकडे आले ते पलटणीमुळे. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा पुढच्या पिढ्यांच्या हातून नुसती नोकरी गेली नाही, शाळाही गेली.

निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. साताऱ्यातच आई भीमाबाई गेल्या आणि मीराआत्याने मुलांना सांभाळले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे आणि इयत्ता आहे इंग्रजी पहिली. राज्य सरकारने 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला आहे. आपण त्या दिवशी रजिस्टरचे फोटो एकमेकांना पाठवतो, पण इयत्तेच्या नावाकडे लक्ष देत नाही. त्या काळी मराठी चौथी झाली की पुढच्या सात इयत्तांना इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी अशीच नावे होती. मराठी म्हणजे प्राथमिक आणि ज्ञान म्हणजे इंग्रजी, ही उतरंड इयत्तांच्या नावातच कोरलेली होती. त्यात मुलाला बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई असेल तरच पाणी.

ही उतरंड काही निसर्गाने दिलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात गणिताची पुस्तके मराठीत तयार होत होती. जर्व्हिससारखा इंग्रज अधिकारी देशी भाषांतून शिकवा असे सांगत होता आणि अर्स्किन पेरी त्याच्या विरोधात इंग्रजीचा आग्रह धरत होता. पेरींचा पक्ष वरचढ ठरला. 1857 ला मुंबई विद्यापीठ निघाले आणि काही वर्षांतच मराठी वरच्या परीक्षांतून बाहेर गेली. ती परत आत यावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. रानडे वारले जानेवारी 1901 ला. भिवा तेव्हा इंग्रजी पहिलीत होता.

पण या वादात एक बाजू नेहमी गाळली जाते. मराठी की इंग्रजी हा प्रश्न त्यांचा होता ज्यांना दोन्हींपैकी निवडता येत होते. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीमाईंनी 1854 च्या काव्यफुले संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो या कारणाने. ज्यांना शास्त्रांच्या भाषेजवळ फिरकू दिले नाही, त्यांना नवी भाषा म्हणजे मोकळा रस्ता वाटली. बाबासाहेबांच्या बाबतीत तर हे अक्षरशः घडले. 1904 ला कुटुंब मुंबईला आले, मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. त्याला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकवायला नकार मिळाला. नाइलाजाने त्याने फारसी घेतली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या बळावर शिकले, पण विद्यार्थी म्हणून तो दरवाजा बंद झाला तो झालाच. इंग्रजीच्या दारावरही राखणदार होते, पण पैसे आणि मेहनत मोजली तर ते दार उघडत होते.

ते पैसे कुठून आले? परळच्या डबक चाळीतली एकच खोली. त्यात स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, कोपऱ्यात जाते आणि एक बकरीसुद्धा. रामजी पहाटे दोनपर्यंत जागे राहत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः झोपत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घटवून घेतली. मराठी वाक्य घ्यायचे, इंग्रजीत न्यायचे, पुन्हा मराठीत आणायचे. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचे दागिने गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून आणत. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे कौतुक करताना त्या बहिणींच्या अंगावरचे डाग मोजायला आपण विसरतो. समाजशास्त्रात सांस्कृतिक भांडवल असा शब्द आहे. इथे ते भांडवल सोनाराच्या पेढीवरून आले.

1907 ला ते मॅट्रिक झाले, 750 पैकी 282 गुण. आमच्या अभ्यासवर्गात हा आकडा मी मुद्दाम फळ्यावर लिहिला. शेकडा 38 सुद्धा पडत नाहीत. तरीही हे यश इतके दुर्मिळ होते की सत्काराची सभा झाली आणि त्यानिमित्ताने कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. 1898 ला प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मराठीत होते. ज्या धम्माकडे पन्नास वर्षांनी लाखो लोक गेले, त्याची पहिली ओळख बाबासाहेबांना इंग्रजी ग्रंथातून झाली नाही. ती एका शाळामास्तराच्या मराठी पुस्तकातून झाली. केळुस्करांनी हे पुस्तक लिहिले नसते तर पुढे काय झाले असते हा प्रश्न निरर्थक आहे, पण मनात येतोच.

सयाजीराव गायकवाडांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुस्करांचाच हात होता. एल्फिन्स्टन कॉलेजात विषय इंग्रजी आणि फारसी. गंमत अशी की याच सयाजीरावांनी पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांना दरमहा 50 रुपये दिले आणि अट काय घातली, तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. एकाला त्यांनी जगाच्या विद्येकडे पाठवले, दुसऱ्याला विद्या घेऊन घरी बसायला सांगितले. कोसंबींच्या ग्रंथांमुळे बुद्ध मराठीत आला. गृहत्यागाच्या कारणांची जी चर्चा पुढे बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्याच्या तंट्याशी जोडली, तिची वाट कोसंबींनी मराठीत आधीच पाडलेली होती.

1913 ला बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, सोबत समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन. या शेवटच्या दोन विषयांवरून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आज विज्ञानाची भाषा इंग्रजी ही सूर्य पूर्वेला उगवण्याइतकी पक्की गोष्ट वाटते. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. रसायन, भौतिकी, तत्त्वज्ञान यांतले पहिल्या दर्जाचे काम जर्मनमध्ये होत होते आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यालाही ती वाचता यावी लागे. बाबासाहेबांनी नंतर बॉन विद्यापीठात नाव घातले, त्यासाठी अर्ज लिहिला तो जर्मनमध्ये. दोन महायुद्धांत जर्मनी कोसळला, शास्त्रज्ञ देशोधडीला लागले, अमेरिकेचा पैसा आणि प्रयोगशाळा वाढल्या, तशी इंग्रजी एकटी उरली. भाषेच्या सत्तेमागे व्याकरण नसते, तिजोरी असते.

9 मे 1916 ला त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. मी समाजशास्त्रात एम.ए. करताना हा निबंध अभ्यासाला होता. वर्गात उताऱ्याचे वाचन माझ्यावर आले. इंग्रजी शब्दांवर मी अडखळले आणि शिकवणाऱ्यांसह सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडले नाही. जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून समाज स्त्रीला कसे कोंडतो, हे सांगणारा तो निबंध. माझ्या आजीचे आयुष्य त्यात होते, आणि मला तो मोठ्याने वाचता येत नव्हता. संध्याकाळी खोलीवर मी त्याचा एकेक परिच्छेद मराठीत करून वहीत लिहिला. तर्खडकर पद्धतीच म्हणायची. ती वही आज अभ्यासवर्गात फिरते.

लंडनच्या पहिल्या खेपेला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ते 1917 ला परतले. 1918 ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पैसे जमवून 1920 ला पुन्हा लंडनला गेले. 1923 ला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, डी.एस्सी. या इंग्रजीने काय मिळाले ते थोडक्यात सांगते. 1919 ला साउथबरो समितीपुढे साक्ष, 1925 ला चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष, 1930 ला गोलमेज परिषद. राज्यकर्त्यांच्या टेबलावर त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच आकडेवारीने बोलणारा माणूस अस्पृश्यांना प्रथमच मिळाला. मध्ये कोणी दुभाष्या नव्हता, म्हणून अर्थ बदलण्याची कोणाला संधीही नव्हती.

पण लंडनला दुसऱ्यांदा निघण्याआधी, 31 जानेवारी 1920 ला, याच प्राध्यापकाने मूकनायक सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पत्र मराठीत, शिरोभागी तुकोबांचा अभंग. 3 एप्रिल 1927 ला बहिष्कृत भारत, त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. महाडच्या सत्याग्रहाला पंधरा दिवस झाले होते. या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती भरत. मग 1930 ला जनता, 1956 ला प्रबुद्ध भारत. डॉक्टरेट झालेल्या, बॅरिस्टर असलेल्या माणसाला इंग्रजी पत्र काढणे अवघड नव्हते. त्यातून दिल्ली-लंडनमध्ये नाव अधिक झाले असते. त्यांनी चारही पत्रे मराठीत काढली, कारण महाडच्या तळ्यावर चालत जाणाऱ्या माणसाला इंग्रजी येत नव्हती.

त्यांनी दोन भाषांत दोन कामे वाटून दिली होती, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते 1936 च्या मे महिन्यात. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने रद्द केलेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ते इंग्रजीत होते, कारण ते सुशिक्षित सवर्ण हिंदूंना उद्देशून होते. त्याच महिन्याच्या 31 तारखेला मुंबईत महार परिषद भरली. तिथे धर्मांतर का आणि कशासाठी, हे त्यांनी मराठीत मांडले. पहिले भाषण तर्काने आणि ग्रंथप्रामाण्याने लढते. दुसरे भाषण शेजाऱ्याला समजावून सांगावे तसे चालते, रोजच्या जगण्यातले दाखले देत. एकच माणूस, एकच विचार, पंधरवड्याचे अंतर. कोणते भाषण मोठे हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. माझ्या आईला विचाराल तर ती दुसरे सांगेल, पहिले तिने कधी वाचलेलेच नाही.

आणि इथेच दुखते. लाहोरच्या त्या भाषणाच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत भाषांतरांची नोंद आहे. गुजराती आणि तमिळ झाले होते. मराठी तेव्हा होऊ घातलेल्यांच्या यादीत होते.

1942 ला ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद करून घेतली आणि त्यातून काही विद्यार्थी परदेशी धाडले. 8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 20 जून 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे, आणि नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावे म्हणून सकाळच्या वेळेत. प्रयोगशाळा ही खर्चाची बाब असते. नव्या, गरीब संस्थेला फक्त कला शाखा काढून भागवता आले असते. बाबासाहेबांनी विज्ञान सोडले नाही.

1950 ला औरंगाबादला कॉलेज निघाले, तेच आजचे मिलिंद. तिथली कथा वेगळी आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथले विद्यापीठ होते हैदराबादचे उस्मानिया. 1918 पासून तिथे उर्दूतून शिकवत. नुसते साहित्य नाही, विज्ञान आणि वैद्यकसुद्धा. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते आणि पाठ्यपुस्तके रीतसर उर्दूत करून घेतली जात. देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. पण मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या मुलाला त्याचा काय उपयोग? त्याच्या दृष्टीने इंग्रजीच्या जागी उर्दू आली होती, एवढाच फरक. माध्यमाचा वाद घालताना, भाषा देशी आहे का एवढे विचारून चालत नाही. कोणाच्या घरची आहे, हेही विचारावे लागते.

मराठीच्या बाबतीतही हेच आहे. विज्ञानाच्या मराठी परिभाषेची पाने उलटा. प्रकाशसंश्लेषण, अपवर्तनांक, संयुजा. हे शब्द आमच्या वस्तीत कोणी बोलत नाही. ज्या संस्कृतपासून बाबासाहेबांना हाकलले, त्याच संस्कृतातून हे शब्द घडवले. मराठी माध्यमातला आमचा मुलगा आधी हे पाठ करतो, आणि बारावीनंतर ते टाकून त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द पाठ करतो. एकाच गोष्टीचे दोनदा टोल.

बाबासाहेबांची भाषाविषयक मते सगळीच आपल्याला सोयीची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 1955 च्या भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी एका भाषेचे एक राज्य ही कल्पना मान्य केली, पण त्या त्या प्रादेशिक भाषेला राज्याची राजभाषा करायला विरोध केला. त्यातून वेगवेगळी राष्ट्रे उभी राहतील ही त्यांना भीती होती. राजभाषा हिंदी असावी आणि देश त्यासाठी तयार होईतो इंग्रजी चालावी, असे त्यांचे मत होते. शिवाय भाषिक राज्यात एकाच मोठ्या जातीच्या हाती सत्ता एकवटते, याकडेही त्यांनी बोट दाखवले. मराठी राज्य म्हणजे आपोआप मराठी गरिबाचे राज्य नव्हे, हे महाराष्ट्र होण्याच्या आधी त्यांना दिसत होते. हिंदीबद्दलचे त्यांचे मत मला पटत नाही. जातीबद्दलचे पटते.

14 ऑक्टोबर 1956. नागपूर. त्रिशरण-पंचशील पालीत, बावीस प्रतिज्ञा मराठीत. दुसऱ्या दिवशीचे प्रदीर्घ भाषण मराठीत. लाखोंनी ते कान देऊन ऐकले. मात्र त्याच वर्षी हातावेगळा होत असलेला, बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ इंग्रजीत होता. जगातल्या बौद्धांपुढे आणि विद्वानांपुढे तो ठेवायचा होता. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले, ग्रंथ 1957 ला निघाला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तो हिंदीत आणला. मराठीत यायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. दीक्षा घेतलेली एक पिढी आपल्या धर्मग्रंथाची वाट पाहत होती. आजोबा सांगत की विहारात कोणीतरी मास्तर इंग्रजी प्रत समोर ठेवून तोंडाने मराठी करत जाई आणि बाकीचे ऐकत.

हे मास्तर लोक कोणी मोजले नाहीत. एकाचे नाव मात्र राहिले, आणि ते आपल्याच जिल्ह्याचे. चांगदेव भवानराव खैरमोडे. त्यांनी बाबासाहेबांचे अनेक खंडांचे मराठी चरित्र लिहिले, पहिला खंड 1952 ला आला. शूद्र मूळचे कोण होते, हा बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथही त्यांनी मराठीत आणला. सरकारने समग्र वाङ्मय छापायला घेतले ते 1979 पासून, वसंत मून यांच्या संपादनाखाली, आणि बहुतेक खंड इंग्रजीत. भाषांतरे रेंगाळत राहिली. छपाईचीही अवस्था अशी की 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली.

त्याच 2021 ला अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरूही झाला. अभ्यासवर्गात मी ही बातमी वाचून दाखवली. टाळ्या वाजल्या नाहीत. त्या वर्गात साहेबांची पोरे बसतील का, असा पहिला प्रश्न आला. नोकरीची मुलाखत कोणत्या भाषेत होईल, हा दुसरा. शहरातल्या सुखवस्तू घरांनी मुले केव्हाच इंग्रजी शाळेत घातली आहेत. अशा वेळी मराठीची पदवी गरिबांच्या वेगळ्या पंगतीसारखी होऊ शकते, आणि वेगळी पंगत म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण म्हणून पेशीची आकृती न बघता काढणाऱ्या मुलीला नापास करणारी व्यवस्थाही बरोबर ठरत नाही.

आम्ही तूर्त एवढेच केले आहे. जुने विद्यार्थी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची टिपणे दोन्ही भाषांत काढतात. डाव्या पानावर बोलीतल्या मराठीत समजूत, उजव्या पानावर परीक्षेचे इंग्रजी. ती मुलगी घरी बसली नाही. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, एक बाकी आहे.

डावे-उजवे पान ही कल्पना माझी नव्हे. समग्र वाङ्मयाचा सोळावा खंड 1998 ला निघाला. तो आपल्यापैकी फार कमी जण उघडतात, कारण त्यात भाषण नाही आणि वादही नाही. त्यात बाबासाहेबांनी तयार केलेले पालीचे व्याकरण आणि पालीचे कोश आहेत. एक कोश पाली-इंग्रजी आहे. दुसऱ्यात पाली शब्दासमोर अर्थ दिले आहेत ते इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा चार भाषांत. राज्यघटनेचे काम करून थकलेला, मधुमेहाने आणि सांधेदुखीने बेजार झालेला, नजर अधू झालेला माणूस एकेका शब्दापुढे चार-चार अर्थ लिहीत बसला होता.

पुढच्या शनिवारी हा खंड अभ्यासवर्गात आणायचा ठरला आहे. साताऱ्याहून कोणीतरी प्रत देणार आहे.